अक्काचा कोरा हात

आमच्या घरात एकदा एका हातावर काहीच उठलं नाही म्हणून पेढे वाटले गेले होते. हे आठवलं की मला अजून कोणाच्या तरी अंगावर खेकसावंसं वाटतं. पण खेकसायचं कोणावर? पेढे वाटणारे नाना, म्हणजे माझे वडील, आता नाहीत. आई नाही. आणि जिच्या हातापायी एवढा आनंद झाला ती अक्का, माझी थोरली बहीण, ती तर त्याच साली दिवाळीआधी गेली. उरले मी. माझा स्वभाव हा असा, पटकन तापणारा, आणि तापून करायचं काय तर काही नाही. चहा टाकायचा आणि गप्प बसायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चोपड्यापासून जरा आत, सातपुड्याच्या अंगाला आमचं गाव. घरची केळी होती, थोडा कापूस होता, खाऊनपिऊन बरं चाललेलं. मी धुळ्याला बी.एस्सी. करत होते, होस्टेलवर राहून. अक्काला एरंडोलला दिलेली. तिला एक मुलगी, नुकती चालायला-बोलायला लागलेली. श्रावणाच्या तोंडावर मी कानबाईसाठी घरी आले, तर अक्का आधीच आलेली होती. ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी पिशवी टाकली आणि तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत चढल्या होत्या.

"काय गं बघते अशी? भूत दिसलं का?" ती म्हणाली आणि हसली. हसताना तिचे दात मोठे दिसले.

उन्हाळ्यापासून तिला रोज दिवस कलला की बारीक ताप यायचा. जेवण जात नव्हतं. खोकला होता पण फार नाही, आणि खोकून काही पडायचं नाही. सासरी तिच्या सासूनं आधी काढे दिले, मग तिची ताटवाटी बाजूला काढली, मग हवापालट म्हणून लेकीसकट माहेरी धाडली. रोगाचं नाव कोणी घेत नव्हतं. आमच्याकडे ते नाव घेतच नाहीत. 'छाती खराब' म्हणतात आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. अक्का येताना पिशवीत स्वतःचा पितळी पेला घेऊन आली होती. मी विचारलं, "हा कशाला आणला? आपल्याकडे काय पेल्यांचा दुष्काळ पडलाय?" तर म्हणाली, "राहू दे. सवय झाली आता." आई चुलीकडे तोंड करून रडत होती, धुराचं निमित्त करून.

पोरगी आईकडे झेपावायची. अक्का तिला जवळ येऊ द्यायची नाही. "आजीकडे जा, मावशीकडे जा," म्हणून लांबूनच हात हलवायची. ते पोर ओसरीच्या खांबाला धरून उभं राहायचं आणि आईकडे बघत रडायचं. मला बघवायचं नाही ते.

नानांनी मग चोपड्याच्या डॉक्टरांकडे नेली. मीही गेले. डॉक्टर म्हातारे होते, शांत बोलायचे. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली, जीभ बघितली. म्हणाले, "हातावर एक सुई टोचून बघू. कातडीच्या वरच्या थरातच देतात ही. तिसऱ्या दिवशी दाखवायला आणा. तिथं लाल होऊन गाठ उठली तर रोगाचा संशय धरू."

ते तीन दिवस आमच्या घरात दुसरं काही चाललंच नाही. सगळं घर त्या हातावर डोळे लावून बसलं होतं. आई सकाळी उठली की आधी अक्काची बाही वर करायची. शेजारची काकू मिरची मागायच्या निमित्तानं यायची आणि हात बघून जायची. नाना उघड बघत नव्हते, पण शेतातून आले की चपला काढता काढता त्यांची नजर तिकडेच. अक्का मात्र शांत. तिसऱ्या दिवशीही हातावर काही नाही. सुईचा ठिपकासुद्धा शोधावा लागत होता.

डॉक्टरांनी फूटपट्टी काढली होती मोजायला, ती तशीच परत ठेवली. "काही उठलेलं नाही," ते म्हणाले. नानांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले, डॉक्टरांना की देवाला कोण जाणे. डॉक्टर पुढे बोलतच होते. "पण नाना, नुसत्या यावर जाऊ नका. अंगात ताकदच उरली नसेल तर रोग असूनही हात कोरा राहतो. मी बघितलंय असं. पोरीची तब्येत मला चांगली दिसत नाही. जळगावला न्या, छातीचा फोटो काढा, तिथं मोठे डॉक्टर बघतील. उशीर करू नका."

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. नानाही तिथंच होते, माझ्यापेक्षा डॉक्टरांच्या जवळ. पण त्यांनी ऐकलं ते पहिलं वाक्य. बाहेर पडलो आणि स्टँडवर त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला. एस.टी.त बसल्याबरोबर पहिला पेढा अक्काच्या तोंडात घातला. नानांनी आमच्यापैकी कोणाला असं हातानं भरवलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. अक्काचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "नाना, ते जळगावचं..." तर म्हणाले, "नेऊ की. कानबाई होऊ दे."

घरी आल्यावर आईनं पहिलं काम काय केलं, तो पितळी पेला उचलला, राखेनं घासला आणि मांडणीवर सगळ्या पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला. मग पोरीला उचलली आणि सरळ अक्काच्या मांडीवर बसवली.

अक्का घाबरली. आम्ही घरात अहिराणीच बोलायचो, ती म्हणाली, "माय, नको. मना आंगमा काहीतरी शे." म्हणजे, माझ्या अंगात काहीतरी आहे.

"काही नही शे," आई म्हणाली. "हात साफ शे ना? कानबाईनी कृपा. ले पोरले." घे पोरीला, म्हणून.

अक्कानं एकदा आईकडे बघितलं, एकदा नानांकडे. मग तिचा धीर सुटला. तिनं पोरीला असं काही कवटाळलं की पोरगी गुदमरून ओरडलीच. मुके घेतले, केस हुंगले, पाठीवरून हात फिरवत राहिली. पोरगी आधी बावचळली, मग आईच्या गळ्यातली पोत धरून बसली ती उठेचना. त्या दिवशी जेवायलाही मांडीवर, झोपायलाही कुशीत. सगळं घर हसत होतं. मीसुद्धा रडता रडता हसत होते. माझ्या मनात डॉक्टरांचं बोलणं ठणकत होतं, तरी हसत होते. ते बघून हसणार नाही असं माणूस कुठलं?

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण घोळ तिथं झाला. खानदेशाबाहेरच्यांना ही देवी फारशी माहीत नसते. श्रावणात एका रविवारी नारळाला डोळे-नथ लावून तिला घरात बसवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिचे रोट असतात, म्हणजे जाडसर गव्हाच्या पोळ्या. रोटाचे गहू घ्यायचे ते घरातल्या माणसागणिक, प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. तो रोट घरच्याच माणसांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. आणि लग्न होऊन गेलेली लेक ही बाहेरची. तिची मूठ तिच्या सासरी. आमच्या घराण्यात आणखी एक होतं: ज्याची मूठ पडली त्यानं रोट संपेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. इतर घरांत हे होतं की नाही मला माहीत नाही. आमच्यात होतं आणि कडक होतं.

गहू घेताना आई सगळ्यांची नावं घेत होती आणि नाना मुठी टाकत होते. सगळ्यांच्या झाल्या. आई सूप उचलायला वाकली, तर नाना म्हणाले, "थांब." आणि त्यांनी अक्काचं नाव घेऊन मूठ टाकली.

आई दचकलीच. "अहो, ती दिलेली पोर. असं करतात का?"

"मनी पोर शे," नाना म्हणाले. "तठे तिनी मूठ कोण टाकस?" म्हणजे, तिकडे तिची मूठ कोण टाकतंय? आईनं सूप पुन्हा खाली ठेवलं. एरंडोलहून तोवर कोणी साधी चौकशी करायला आलं नव्हतं. मग नानांनी पाव मूठही टाकली आणि पोरीच्या नावानंही टाकली. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. घराण्याचा रिवाज मोडताना माणूस एवढा खूश होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

आणि झालं. मूठ पडली म्हणजे अक्का बांधली गेली. रोट संपेस्तोवर जळगाव बंद. त्या वर्षी आनंदाच्या भरात नानांनी मुठी गच्च भरून टाकलेल्या, रोटही भरपूर झालेले, संपता संपत नव्हते. मी नानांशी कडाकडा भांडले. "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं का तुम्ही?"

"ऐकलं. काही उठलं नाही म्हणाले."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढचं डॉक्टर लोक म्हणतातच. त्यांचे फोटोवाले ठरलेले असतात."

"नाना, ती वाळत चाललीय! डोळे आहेत ना तुम्हाला?"

"दोन बुकं शिकली म्हणून बापाचे डोळे काढते का?" नाना एवढंच म्हणाले, तेही रागानं नाही. मी पाय आपटत मागच्या अंगणात गेले. मी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, तिला एस.टी.त घालून मी एकटी कुठं नेणार होते? आणि अक्काच आली नसती. मी तिला विचारलंही होतं. ती म्हणाली, "नानांनी माझी मूठ टाकली गं. मी कशी जाऊ?" पोरगी तिच्या पदराखाली झोपली होती. एवढ्या सुखात तिला मी लग्नानंतर बघितलंच नव्हतं.

रोट संपत आले तसं तिचं डोकं दुखायला लागलं. आईनं पित्त म्हणून सुंठ उगाळून लावली. मग उलट्या. मग एका सकाळी तिनं मला विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" आईच्या हातातलं भांडंच गळून पडलं. तेव्हा मग कुठला रिवाज आणि कुठला रोट? नाना स्वतः धावत जाऊन कोणाची तरी जीप घेऊन आले. शीव कधी ओलांडली कोणाला कळलंसुद्धा नाही.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि आम्हाला जवळ बोलावलं. दोन्ही फुप्फुसांत, वरपासून खालपर्यंत, बारीक बारीक पांढरे दाणे. "बाजरी पेरल्यासारखं दिसतंय ना?" ते म्हणाले. "रोग रक्तातून सगळीकडे गेलाय. मेंदूच्या आवरणातही." नाना त्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, हात तर कोरा होता." डॉक्टरांनी मान हलवली. औषधं लगेच सुरू झाली, चांगली औषधं होती, तीच औषधं घेऊन शेजारच्या खाटेवरची बाई चालत घरी गेली. अक्का नाही गेली. नाना कॉरिडॉरमध्ये जो भेटेल त्याला सांगायचे, वॉर्डबॉयला, पोळ्या घेऊन आलेल्या नातेवाइकांना, चहावाल्याला. हात तर कोरा होता हो. सुईनं तर काहीच उठलं नव्हतं.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, शेवटी आले आणि नंतर पोरीला घेऊन गेले. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. पोरीला तिकडे सांगितलं गेलं की तुझ्या आईला तो रोग होता आणि ती तुला कधी जवळ घेत नसे. पहिला भाग खरा होता. दुसऱ्याला काय म्हणू?

मी पुढे पुण्याला एम.एस्सी. केलं आणि धुळ्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले. तोवर नव्वदचं दशक उजाडलं होतं. रोगप्रतिकारशक्तीचा पेपर कोणी घ्यायला तयार नसायचं, म्हणून तो नव्या बाईच्या गळ्यात. आमच्या लायब्ररीतली पुस्तकं जुनाट. पुण्याच्या एका बाईंनी नव्या लेखांच्या झेरॉक्स काढून पाठवल्या. एका दुपारी, पेपर तपासायचा कंटाळा आला म्हणून, मी त्या वाचायला घेतल्या.

जे वाचलं ते साध्या शब्दांत सांगते. क्षयाचा जंतू शिरला की त्याला गिळणाऱ्या पेशी असतात. त्या गिळतात, पण मारणं त्यांना एकट्यानं जमत नाही. जंतू त्यांच्या पोटातच तळ ठोकतो. मग टी-पेशी येतात. त्या जंतूला ओळखतात आणि गिळणाऱ्या पेशीला निरोप देतात: मार आता. हा निरोप म्हणजे एक रसायन. अशी निरोपाची रसायनं पुष्कळ आहेत, त्यांना सायटोकाइन म्हणतात. एक म्हणतं मारा, एक म्हणतं वाढा, एक म्हणतं पुरे, थांबा. एक रसायन गाठी बांधून जंतूला कोंडायला मदत करतं, पण तेच जास्त झालं तर भूक मारतं आणि अंग सुकवतं. आधी तर त्याला नावच झिजवणारं अशा अर्थाचं होतं. अक्काच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या त्या अशा.

इथवर मला थोडंफार ठाऊक होतं. नवं होतं ते पुढचं. टी-पेशीला लढायलाच नाही, नुसतं जगायलाही निरोप लागतो. जग, जग, असं तिला कोणत्या तरी रसायनानं सांगत राहावं लागतं. तो निरोप बंद झाला की तिला कोणी मारावं लागत नाही, ती आपली आपणच आवरतं घेते. या मरणाला शास्त्रात जे नाव आहे त्याचा अर्थ होतो, उपेक्षेनं आलेलं मरण. रोग अंगभर पसरला की हेच होतं. पेशी लढून लढून थकतात, 'थांबा' म्हणणारी रसायनं वाढतात, 'जग' म्हणणारं आटत जातं, आणि त्या मरायला लागतात. ज्या वाचतात त्या रोगाच्या जागी अडकून पडलेल्या. आता हातावर सुई टोचली की गाठ का उठते? तर जंतूची ओळख असलेल्या पेशी तिथं जमतात, निरोप धाडतात, आणखी पेशींना बोलावतात, त्या गर्दीनं कातडी फुगते. जमायलाच कोणी उरलं नसेल, तर हात कोरा राहणार.

म्हणजे आम्ही ज्याचे पेढे वाटले ते हे होतं. तिच्या आतलं राखणारं संपत आलं होतं, आणि आम्ही हात जोडत होतो.

मी झेरॉक्स गुंडाळून ठेवली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. कोणाला काही कळेना. दुसऱ्या दिवशी वर्गात हाच भाग शिकवायला घेतला, जीव तोडून शिकवला, फळा भरून टाकला. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" मी एवढी भडकले की खडूच फेकून मारला. मग मीच हसले. पोराचं तरी काय चुकलं?

नानांना सांगावं की नाही, यावर मी बरेच महिने घालवले. ते थकले होते. अक्का गेल्यापासून कानबाईचे गहू त्यांनी स्वतः कधी घेतले नव्हते. सूप आलं की उठून गोठ्यात जायचे. शेवटी एका सुट्टीत सांगितलं. मला वाटलं, ऐकून त्यांना हलकं वाटेल. डॉक्टर चुकला नव्हता, सुई चुकली नव्हती, शरीरातच असं होतं म्हणून. मी टी-पेशी वगैरे म्हटलं नाही. म्हटलं, "नाना, आपल्या अंगात राखण करणारे बारीक जीव असतात. त्यांना जग असं सांगणारं लागतं. अक्काच्या अंगात ते सांगणारं आटलं होतं."

नाना अडकित्ता घेऊन बसले. सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "सांगणारं नव्हतं कसं? मी होतो ना. मी तिची मूठ टाकली होती."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कशाला सांगायला गेले मी? "तसं नाही हो नाना," एवढंच म्हणाले. मग कसं, ते मला सांगता येईना. दोन वर्षांनी नाना गेले.

आता शेवटचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. अक्काची पोरगी, माझी भाची, नर्सिंगला लागली, धुळ्यालाच. तिच्या वडिलांची फारशी तयारी नव्हती, पण पोरगी हट्टाची निघाली. ती अधूनमधून माझ्याकडे यायची. हसली की थेट अक्का. कोर्सला घेताना सगळ्या मुलींच्या तपासण्या झाल्या, त्यात ती सुई. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात उभी, ओढणी हातावर घट्ट गुंडाळून. चेहरा पांढराफटक.

"मावशी, उठलं."

मी ओढणी सोडवली. हातावर लालभडक, टणक, टरारून फुगलेली गाठ. मी ती बोटानं चाचपून बघितली. माझ्या डोळ्यांना धार लागली. ती बिचारी समजली की आता सगळं संपलं. "एरंडोलला कळलं तर?" ती म्हणत होती. "बाबा म्हणतील, बघ, आईचंच उठलं. कोर्स सोडायला लावतील. मावशी, मी मरणार का?"

"मरते कशाला, बये!" मी ओरडलेच. "हे जिवंत आहे! हे बघ, किती जिवंत आहे!" तिला काही कळेना. मग मी तिला पाणी दिलं, बसवलं, सगळं समजावलं. वजन बरोबर होतं, ताप नाही, खोकला नाही, तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटोही काढलेला, तो स्वच्छ. गाठ म्हणजे रोग नव्हे. गाठ म्हणजे जंतूशी कधीतरी गाठभेट झालेली आहे आणि तिच्या पेशी त्याला ओळखून दाबून बसल्यात. तो जंतू आत झोपलेला असेल, कदाचित जन्मभर असेल, आणि त्याला झोपवून ठेवणाऱ्या पेशींना रोज जग म्हणणारा निरोप मिळत राहिला पाहिजे. तो निरोप बाहेरून आपल्याला देता येत नाही. नीट खायचं, तब्येत सांभाळायची, खोकला लांबला तर लपवायचं नाही. याच्या पलीकडे माझ्या हातात काही नाही, हेही मी तिला सांगितलं. खोटा धीर द्यायची मला भीती वाटते.

ती नर्स होणार, तिला पटपट कळलं. ती जरा शांत झाली. गाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "मग हा जंतू मला कुठून मिळाला?"

शास्त्राच्या दृष्टीनं याचं उत्तर सरळ आहे: सांगता येत नाही. आपल्याकडे हा जंतू कुठंही मिळतो. स्टँडवर, वर्गात, एस.टी.त, कोणाच्याही खोकल्यातून. लहानपणी टोचलेल्या लसीनंही हात थोडाफार उठतो. माझ्या विद्यार्थ्यानं परीक्षेत दुसरं काही लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

मी तेच सांगणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "आईकडून तर नाही. आई मला जवळच घेत नसे. घरी सगळे म्हणतात."

"घेत होती," मी म्हणाले.

तिनं मान वर केली.

मी तिला सगळं सांगितलं. पेढे, पितळी पेला, मांडणी, आजीनं तिला उचलून मांडीवर ठेवलं ते, आजोबांनी दोघींच्या नावानं टाकलेल्या मुठी. आईनं कवटाळलं तेव्हा ती कशी गुदमरून ओरडली होती आणि मग पोत धरून कशी बसली ती उठेचना. रोट संपेपर्यंतचे ते दिवस, दिवसरात्र तिच्या कुशीत. नानांनी केलेली चूक, जिच्यापायी माझी बहीण गेली आणि जिच्यापायी या पोरीला तेवढी आई मिळाली. मी इतकी वर्षं ज्या दिवसांना शिव्या घालत होते ते दिवस मी तिला एकेक करून दिले, आणि ती ते घेत होती.

बराच वेळ ती हात मांडीवर ठेवून त्या गाठीकडे बघत बसली. मग विचारलं, "हे जाईल ना मावशी?"

"सूज जाईल. आठवडाभरात उतरेल."

"आणि आतलं?"

"आतलं राहील."

तिनं ओढणी उचलली. मला वाटलं पुन्हा हातावर गुंडाळेल. तिनं ती खांद्यावर टाकली आणि तशीच, उघड्या हातानं, होस्टेलकडे निघाली.